पहाटेचा गारठा आणि दुबार भाताचे रोप

भात हे मुळात उबदार, दमट हवेतले पीक आहे. त्याच्या रोपाला सर्वांत मानवते ते २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान. पारा १५ अंशांच्या खाली उतरला की वाढ रेंगाळते, १२-१३ अंशांच्या आसपास रुजलेले बी मातीबाहेर येईनासे होते आणि १० अंशांखाली कोंबच फुटत नाही. जातीप्रमाणे हे आकडे थोडे मागेपुढे होतात, पण ज्या थंडीत हरभरा आणि गहू तरारून येतात, त्याच थंडीत भाताचे रोप पिवळे पडून खुरटते, एवढे खरे. असे असूनही ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत जिथे पाण्याची सोय आहे, तिथे भाताचे दुसरे पीक ऐन गारठ्यातच पेरले जाते. भातसा धरणाच्या कालव्याखाली, लहान बंधाऱ्यांजवळ, विहिरीच्या नाहीतर नदीच्या पाण्यावर होणारे हे पीक म्हणजे उन्हाळी भात किंवा दुबार भात. दक्षिण कोकणात आणि गोव्यात त्याला वायंगण म्हणतात.

पावसाळी भाताच्या रोपाला थंडी कधीच भेटत नाही. उन्हाळ्यात रोपवाटिकेचा राब भाजला जातो, जूनमध्ये त्यावर बी पडते आणि पहिल्या पावसाबरोबर आवण, म्हणजे रोप, वर येते. त्या दिवसांत रात्रीचा पाराही २५ अंशांच्या आसपास असतो. शहापूर, मुरबाड आणि शेजारच्या वाडा तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या पेरल्या गेलेल्या झिनी, कोळंबा यांसारख्या जातींचे बी शेतकऱ्यांनी असल्याच उबदार राबांतून निवडत आणले. चव, दाण्याची बारीकी, पेंढा, पाण्याच्या ताणात तग धरणे या गुणांची पारख या निवडीत झाली. रोपाने थंडी सोसावी, अशी गरजच पडली नाही, म्हणून तो गुण कुणी निवडलाही नाही. दुबार भात मात्र पाटाच्या पाण्याबरोबर आला आणि जूनच्या उबेतल्या पिकाला डिसेंबरच्या पहाटेला तोंड द्यावे लागले.

मग थंडी सरेपर्यंत थांबून फेब्रुवारीत पेरणी का करू नये? कारण या पिकाची अडचण दोन्ही टोकांना आहे. भाताची फुले उमलतात तेव्हा तापमान ३५ अंशांच्या वर गेले, तर परागकण निकामी होऊ लागतात, दाणा भरत नाही आणि लोंबीत पळिंजांचे प्रमाण वाढते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यात एप्रिलची दुपार सहज ३८ अंशांच्या पुढे जाते. पेरणी महिनाभर लांबली, तर फुलोरा या उष्म्यात सापडतो. कापणी मेअखेर गेली, तर वळवाच्या पावसाचे भय असते. कालव्याच्या पाण्याची पाळी आणि विहिरीतला साठा यांनाही मर्यादा आहेत. म्हणून नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत पेरणी, जानेवारीत लावणी आणि एप्रिल-मेमध्ये कापणी हाच मार्ग उरतो. इथली थंडी रोप मारते ते क्वचितच. तिचा खरा तोटा दिवसांचा असतो. सुरुवातीला रोपाने गमावलेले दहा-बारा दिवस शेवटी फुलोऱ्याला उन्हाच्या तोंडी नेतात. त्यामुळे रोपाची थंडी सोसण्याची ताकद हा इथे दाणा भरण्याचा प्रश्न होऊन बसतो.

या भागातल्या थंडीचा स्वभावही ध्यानात घ्यायला हवा. काश्मीर खोऱ्यात भाताच्या रोपाला दिवसही गार आणि रात्रही गार मिळते. शहापूर-मुरबाडमध्ये जानेवारीची दुपार ३० अंशांच्या घरात असते आणि पहाट १२ ते १५ अंशांची. थंडीची लाट आली, तर पारा आणखी खाली जातो. आकाश निरभ्र असते, हवा कोरडी असते, वारा पडलेला असतो. सूर्य मावळताच जमीन आपली ऊब आकाशाकडे टाकू लागते. जमिनीलगतची हवा गार होऊन जड होते आणि माहुलीच्या किंवा माळशेजच्या उतारांवरून ओघळत खाली खाचरांत साठते. त्यामुळे एकाच गावात माळावरच्या वरकस जमिनीपेक्षा सखल खलाटीतली पहाट दोन-चार अंशांनी गार असू शकते. तालुक्याच्या गावी नोंदलेला पारा रोपवाटिकेतला पारा सांगत नाही. रोज रात्री इजा आणि रोज दुपारी दुरुस्ती, असे या रोपाचे जगणे असते. दुरुस्ती इजेला पुरी पडते की नाही, यावर रोपाचा रंग ठरतो.

थंडीची पहिली गाठ पडते ती बियाशी. दाण्यात साठलेल्या पिठाची साखर झाल्याशिवाय कोंबाला बळ मिळत नाही आणि ती साखर करणारे अमायलेज हे एन्झाइम गारठ्यात मंद चालते. पावसाळ्यात दोन दिवसांत डोळे फोडणारे बी डिसेंबरात तीन-चार दिवस घेते. उशीर एवढाच असता तर निभावले असते. पण थंड, ओल्या मातीत जास्त काळ पडून राहिलेल्या दाण्याला बुरशी गाठते. रोपे जळाल्यासारखी दिसतात, ती पुष्कळदा थंडीने दुबळी केलेली आणि बुरशीने संपवलेली असतात. तगून वर आलेले रोप पहिल्या दोन पानांपर्यंत दाण्यातल्या साठ्यावरच वाढते. तिसरे पान फुटण्याच्या सुमारास हा साठा संपत येतो आणि त्याला स्वतःच्या पानांत अन्न तयार करावे लागते. रोपाच्या आयुष्यातली सर्वांत नाजूक घडी हीच. जुनी शिदोरी सरलेली असते आणि नवे पान पुरते कमावते झालेले नसते. थंडीची लाट नेमकी याच आठवड्यात आली, तर वाफे पिवळे पडतात.

पेशीच्या पातळीवर काय घडते ते खोबरेल तेलावरून कळते. हिवाळ्यात खोबरेल बाटलीत थिजते, शेंगदाण्याचे तेल पातळच राहते. दोन्ही तेलेच, पण त्यांतल्या मेदाम्लांची घडण वेगळी. भाताच्या प्रत्येक पेशीभोवतीचे पटल मेदाचेच बनलेले असते. त्यात संपृक्त मेदाम्ले जास्त असतील, तर ते गारठ्यात घट्ट होते. त्यात रुतलेल्या प्रथिनांचे काम अडते, पटलाला जागोजागी फटी पडल्यासारखे होते आणि पेशीतले क्षार बाहेर झिरपू लागतात. प्रयोगशाळेत थंडी दिलेली पाने शुद्ध पाण्यात बुडवून त्या पाण्याची वीजवाहकता मोजतात. जितके क्षार झिरपले, तितकी वाहकता वाढते. कोणत्या जातीला किती इजा झाली, हे त्यावरून डोळ्यांना दिसण्यापूर्वीच कळते. थंडी सोसणाऱ्या जाती पटलातल्या असंपृक्त मेदाम्लांचे प्रमाण वाढवतात, त्यामुळे पटल लवचीक राहते. हा सगळा बर्फ न होता होणारा घात आहे. पाणी गोठून होणारी इजा वेगळी. शहापूरकडे गोठण्याची वेळ येत नाही, पण भाताला घायाळ करायला गोठणबिंदू गाठावाच लागत नाही.

सकाळी नऊच्या सुमारास रोपवाटिकेत एक विसंगत दृश्य दिसते. वाफ्यात पाणी असते आणि पाने मात्र सुरळी होऊन मलूल पडलेली असतात. रात्रभर गारठलेल्या मुळांच्या पटलांतून पाणी आत शिरत नाही. तिथे पाणी वाहून नेणाऱ्या प्रथिनांच्या वाटा थंडीने आवळलेल्या असतात. इकडे सूर्य वर आलेला असतो, कोरडी हवा पानांतून पाणी ओढत असते. मुळे देत नाहीत आणि पाने घालवत राहतात, म्हणून पाण्यात उभे राहूनही रोप तहानलेले असते. यावर आणखी पाणी भरणे हा उपाय नव्हे. मुळाशी ऊब पोचली की पाने आपोआप उलगडतात.

हेच सकाळचे ऊन दुसरीही इजा करते. हरितद्रव्य प्रकाश पकडते तेव्हा ते तापमान विचारत नाही. त्या प्रकाशाच्या ऊर्जेतून साखर बनवणारी यंत्रणा मात्र एन्झाइमांवर चालते आणि थंडीत ती सुस्त असते. पकडलेली ऊर्जा खर्ची न पडल्याने ती ऑक्सिजनवर जाते, त्यातून ऑक्सिजनची आक्रमक रूपे आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. हे पदार्थ पटलांवर, प्रथिनांवर आणि खुद्द हरितद्रव्यावर तुटून पडतात. म्हणून ढगाळ थंडीपेक्षा गार रात्रीनंतरची लख्ख सकाळ रोपाला जास्त जाचते, आणि ठाणे जिल्ह्यातला हिवाळा तर लख्ख सकाळींचाच असतो. कोवळ्या पानात नवे हरितद्रव्य तयार होण्याची क्रियाही थंडीत अडखळते. गार रात्रीत घडत असलेला पानाचा तेवढाच तुकडा पुढे पांढुरका किंवा पिवळा आडवा पट्टा होऊन बाहेर येतो. हा पट्टा पाहून रोग समजून औषध फवारण्यात अर्थ नाही. त्यानंतरचे पान हिरवे निघाले की रोप सावरले असे धरावे.

पण रोप हा मार निमूट खात नाही. थंडी लागल्याची वर्दी काही सेकंदांत पेशीच्या आत जाते. ती नेणारा दूत म्हणजे कॅल्शियम. पटलावरचे दरवाजे उघडतात, कॅल्शियमचे आयन आत शिरतात आणि त्या इशाऱ्यावर जनुकांची एक साखळी जागी होते. हा दरवाजा उघडायला मदत करणारे एक प्रथिन चिनी शास्त्रज्ञांनी शोधून काढले. त्याच्या जनुकाला त्यांनी ‘कोल्ड-१’ असे नाव दिले. हे संशोधन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. जपोनिका घराण्यातला भात थंडीत तगतो आणि इंडिका घराण्यातला कोलमडतो, याचा या जनुकातल्या एकाच अक्षराच्या फरकाशी संबंध आहे, असे त्यात दिसून आले. थंडी सोसणारे ते रूप चीनमधल्या जंगली भाताकडून जपोनिकाकडे आले असावे, असाही त्या संशोधनाचा निष्कर्ष आहे.

जागी झालेली जनुके बचावाची सामग्री जमवतात. आक्रमक ऑक्सिजनला शांत करणारी सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, कॅटलेज यांसारखी एन्झाइम वाढतात. प्रोलिन हे अमिनो आम्ल आणि काही शर्करा पेशीरसात साठतात. त्यांच्यामुळे पाणी धरून राहते आणि प्रथिनांची घडण मोडत नाही. पटलातली मेदाम्ले बदलली जातात. या तयारीला वेळ लागतो. एकाएकी आलेली लाट रोपाला घायाळ करते, तेवढीच थंडी हळूहळू वाढत आली तर ते बऱ्यापैकी सोसते. गव्हासारखा पक्का कणखरपणा भाताच्या अंगी येत नाही, तरीही सौम्य थंडीतून गेलेले रोप पुढच्या कडक थंडीत अधिक टिकते, हे प्रयोगांत वारंवार दिसले आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस पेरलेल्या रोपाला ही सवय लागायला सवड मिळते. डिसेंबरच्या शेवटी पेरलेले रोप कोवळ्या वयात थेट कडाक्यात सापडते.

जपोनिका आणि इंडिका ही भाताची दोन मोठी घराणी. जपोनिका जपान, कोरिया, उत्तर चीन आणि काश्मीरसारख्या डोंगराळ प्रदेशांत स्थिरावला. कोकणातल्या जाती बहुतेक इंडिका. कोल्ड-१ महत्त्वाचे असले, तरी थंडी सोसण्याचा गुण एकाच जनुकावर अवलंबून नसतो, तो अनेक जनुकांत विखुरलेला असतो. गारठ्यात बी रुजण्याचा गुण वेगळा, कोवळ्या रोपाने तगण्याचा वेगळा आणि लोंबी बाहेर पडण्याआधी, पोटरीत असताना थंडी सोसण्याचा आणखी वेगळा. जपानी संशोधकांनी ‘इटालिका लिव्होर्नो’ या इटालियन जातीतून थंडीत चांगली उगवण देणारे एक जनुक २००८ मध्ये वेगळे करून दाखवले. त्या जनुकामुळे कोंबावरची वेष्टने सैल होतात आणि कोंब लवकर बाहेर पडतो. पण थंडीत लवकर रुजणारी जात तिसऱ्या पानाला थंडी सोसेलच, याची त्यातून हमी मिळत नाही. १९९३ च्या थंड उन्हाळ्यात जपानचे भातपीक बुडाले आणि त्या देशाला तांदूळ आयात करावा लागला. तो घात रोपावस्थेतला नव्हता, पोटरीतल्या परागकणांवरचा होता. ठाणे जिल्ह्यात पोटरीच्या वेळी थंडी ओसरलेली असते. इथल्या पैदासकाराला त्यामुळे रुजवण आणि रोप या दोनच टप्प्यांपुरती सहनशक्ती हवी असते, आणि कोकणी ताटाला आवडणारा मोकळा भात मात्र इंडिकाचाच हवा असतो. जपोनिकाशी संकर करताना भात चिकट होण्याकडे झुकतो आणि संकरात वांझपणाही डोके वर काढतो. ही गाठ सोडवायला बऱ्याच पिढ्या जातात.

सहनशक्ती तपासण्याची रीत सोपी आहे. दोन-तीन पानांची रोपे काही दिवस १० अंशांच्या आसपास ठेवतात, नंतर उबेत आणतात आणि किती सावरली ते पाहतात. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या मोजपट्टीत गर्द हिरव्या रोपाला १ गुण आणि मेलेल्या रोपाला ९ गुण देतात. कोकणासाठी भाताचे बियाणे तयार करण्याचे काम दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. त्याची स्थापना १९७२ सालची. मुरबाडपासून फार दूर नसलेले कर्जतचे प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र याच विद्यापीठाचे. तिथून निघालेल्या कर्जत-१८४, कर्जत-३, कर्जत-७ या जाती जिल्ह्यात परिचयाच्या आहेत. दुबार पिकासाठी लवकर तयार होणाऱ्या हळव्या किंवा मध्यम मुदतीच्या निमगरव्या जातीच घ्याव्या लागतात, कारण गरव्या जातीला लागणारे दिवस या हंगामात नसतातच.

जात हाती असली, तरी अर्धे काम रोपवाटिकेतच होते. बी एक दिवस भिजवून गोणपाटात बांधतात, वर पेंढा दाबून उबेला ठेवतात आणि मोड आल्यावर चिखलणी केलेल्या वाफ्यावर फेकतात. कोकणात या पद्धतीला रहू म्हणतात. थंडीच्या हिशेबाने ही पद्धत फार मोलाची आहे, कारण रुजण्याचा सर्वांत नाजूक टप्पा घरातल्या उबेत पार पडतो. वाफा निवडताना खलाटीचा सखल कोपरा आणि झाडाची सावली टाळावी, सकाळचे ऊन लवकर पोचेल अशी थोडी उंच जागा घ्यावी. गादीवाफे एक-सव्वा मीटर रुंद आणि आठ-दहा सेंटीमीटर उंच केले, तर पाणी चढवणे आणि उतरवणे सोपे जाते.

पाणी हे या रोपाचे पांघरूण. पाणी सावकाश तापते आणि सावकाशच निवते. भाताच्या रोपाचा वाढीचा कोंब या वयात बुंध्याशी, पाण्याच्या पातळीखाली असतो, म्हणून त्याच्यासाठी हवेपेक्षा पाण्याचे तापमान जास्त महत्त्वाचे ठरते. संध्याकाळी वाफ्यात तीन ते पाच सेंटीमीटर पाणी भरावे आणि सकाळी ते निवलेले पाणी काढून टाकून माती उन्हात तापू द्यावी. विहिरीचे पाणी हाताशी असेल तर उत्तम. भूजलाचे तापमान वर्षभराच्या सरासरीजवळ, म्हणजे या भागात २५ अंशांच्या पुढे असते. पहाटेच्या हवेच्या मानाने ते चांगलेच उबदार. मोड नुकते फेकलेले असताना मात्र पाणी साचू देऊ नये. कोंबाला आणि मुळाला तेव्हा हवा लागते.

पश्चिम बंगाल, आसाम आणि बांगलादेशातले बोरो भात हे दुबार भाताचे थोरले भावंड. तिथली थंडी इथल्यापेक्षा कडक, म्हणून तिथल्या युक्त्याही अधिक मुरलेल्या आहेत. रोपांवरचे दव सकाळी दोरी फिरवून झाडतात. वाफ्यावर राख पसरतात. काळी राख ऊन शोषून माती लवकर तापवते. पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून दिवसाची ऊब कोंडून ठेवतात. शहापूरकडे चार-आठ दिवसांच्या लाटेपुरते प्लॅस्टिक किंवा पेंढा रात्री अंथरला तरी पुष्कळ होते. प्लॅस्टिक दुपारी तसेच राहिले, तर ३० अंशांच्या हवेत आतली रोपे होरपळतात. बोरोची रीत उचलताना हा फरक विसरता कामा नये.

पिवळी रोपे पाहून युरिया टाकण्याचा मोह होतो. गारठलेली मुळे नत्र फारसे उचलत नाहीत, आणि उचललेल्या नत्राने रोप लुसलुशीत होऊन आणखी थंडीखाऊ बनते. थंड मातीत स्फुरद आणि जस्त यांचे शोषणही घटते. पाने जांभळट किंवा तांबूस ठिपक्यांची दिसली, तर कमतरता तिथे शोधावी. स्फुरद, पालाश आणि चांगले कुजलेले शेणखत वाफा करतानाच मातीत मिसळलेले बरे. बियाण्याला बुरशीनाशक चोळणे या हंगामात खरिपापेक्षाही गरजेचे आहे.

लावणीची वेळ दिवसांवरून नव्हे, पानांवरून ठरवावी. सरासरी तापमान २५ अंश असेल, तर भाताला दर चार दिवसांनी नवे पान येते, २० अंश असेल तर पाच दिवसांनी. रुजण्यातला उशीर आणि पहाटेची इजा यांची त्यात भर पडते. खरिपात २१ ते २५ दिवसांत लावणीजोगे होणारे रोप दुबार हंगामात ३० ते ४० दिवस घेते. ते वयाने मोठे, पण अंगाने तेवढेच असते. म्हणून चाळीस दिवसांचे आवण पाहून ते निबर झाले असे मानू नये. पाच-सहा पाने असतील, तर ते लावायला योग्य आहे. उपटलेल्या रोपाला नवी मुळे फुटायला माती किमान १६ अंशांची लागते, त्यामुळे लाट चालू असेल तर लावणी दोन-चार दिवस थांबवावी. आवणी दुपारी, पाणी कोमट झाल्यावर करावी, रोपे उथळ लावावीत आणि पहिला आठवडा रात्री खाचरात पाणी राखावे. खोल चिखलात गार पडलेला बुंधा फुटवे धरत नाही. उथळ लावलेल्या रोपाला वरची तापलेली माती मिळते आणि ते आठवड्याभरात मूळ धरते.